आबांच्या पदकांसाठी धावलेल्यांचे आभार

आमचे आबा डिसेंबर 1971मध्ये पूर्व आघाडीवर लढले. पण डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत, त्या युद्धाच्या दोन पदकांपैकी ना पूर्वी स्टारची नोंद होती, ना संग्राम मेडलची. ते कधी बोलले नाहीत. 26 जानेवारीला पदकं लावायचा कोट मात्र कपाटातच राहायचा.

लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा, हे एसटी स्टँडवर भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी तासभर बसून समजावलं. पलटणीतल्या जुन्या जोडीदारानं थरथरत्या हातानं प्रतिज्ञापत्रावर सही केली. आणि ज्या ताईंनी जुन्या पार्ट टू ऑर्डरींतून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदींचे लष्करी आदेश) आबांच्या नावाची ती एक ओळ शोधली, त्यांचं नाव विचारायचंच राहिलं.

परवा दुरुस्त नोंद आली. आबांनी दोनदा वाचली, मग आईला कोट काढायला सांगितला. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. घरी या, आबा वाट पाहताहेत.