वंशावळीत नसलेल्या पणजीची नोंद शोधून देणाऱ्या गुरुजींस

आदरणीय गुरुजी,

सादर प्रणाम.

माझ्या पणजीच्या मृत्यूची नोंद आपण शोधून दिलीत आणि ती मोडीतून वाचून तिचे लिप्यंतर स्वतःच्या हाताने लिहून दिलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मानधनाचा विषय काढल्यावर आपण तो तिथेच थांबवलात आणि "जमले तर शोध कसा लागला ते चार लोकांना सांगा" एवढेच म्हणालात. म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे. आपले नाव मात्र, आपल्याच इच्छेनुसार, त्यात घातलेले नाही.

आमच्या घरी सात पिढ्यांची वंशावळ आहे आणि तिच्यात एकही स्त्री नाही. पणजोबांची पहिली पत्नी, म्हणजे माझ्या आजोबांची आई, हिच्याविषयी घरात उरले होते ते केवळ श्राद्धाच्या संकल्पात उच्चारले जाणारे सासरचे नाव. ती कोणत्या वर्षी गेली, कशाने गेली, तिचे माहेर कोणते, हे सांगणारे कोणीही राहिलेले नव्हते. तिचे श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला होत आले. पतीच्या आधी गेलेल्या स्त्रियांसाठी भाद्रपद वद्य नवमी ठरलेलीच असल्यामुळे तिची स्वतःची तिथी पुढच्या पिढ्यांच्या स्मरणातून हळूहळू गेली असावी. मला ती नवमी म्हणजे हरवलेली तिथी वाटत होती. आपण तिच्याकडे पुरावा म्हणून पाहिलेत. नवमीला श्राद्ध होते त्या अर्थी ती पणजोबांच्या आधी गेली, तेव्हा आधी पणजोबांचे वर्ष निश्चित करा, असे आपण सांगितलेत.

ते वर्ष मिळाले जमिनीच्या कागदांतून. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेल्या फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदींच्या, क्रमांकांवरून मागे मागे जात वारसाच्या फेरफारापर्यंत पोचता येते, आणि खातेदार कधी मयत झाला व मागे कोण राहिले हे त्यात तलाठ्याने लिहिलेले असते, हे मला आपल्याकडून कळले. पणजोबांच्या फेरफारात वारस म्हणून केवळ मुलगेच आहेत. मुलींची नावे का नाहीत, असे विचारल्यावर आपण कायद्याचा क्रम समजावलात. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला आणि त्यानंतरच्या वारस नोंदींत मुली दिसू लागल्या, बहुधा सासरच्या नावांनी. पुढे त्यांनी हक्कसोडपत्रे करून दिली असतील, तर त्यांत त्यांची वये आणि राहण्याची गावेही सापडतात. माझ्या वडिलांच्या एका आत्याचा पत्ता मला अशाच एका हक्कसोडपत्रात मिळाला. ज्या कागदाने तिने आपला वाटा सोडला तोच कागद तिला आमच्यापर्यंत परत घेऊन आला, याचे मला अजूनही वाईट वाटते आणि त्या कागदाविषयी कृतज्ञताही वाटते.

शोधाची दुसरी बाजू आपण शाळेच्या जनरल रजिस्टरवरून बांधलीत. आजोबांची जन्मतारीख त्यात होती, तशीच त्यांच्या सावत्र भावाचीही होती, आणि पणजी या दोन तारखांच्या मधल्या काळात गेली असणार, हे उघड होते. त्या वेळी आपण शिक्षकाच्या अनुभवाने एक सावधगिरीही सांगितलीत: जुन्या रजिस्टरांतील पुष्कळ जन्मतारखा मुलाला शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेल्या आहेत, म्हणून दोन्ही टोकांना एकदोन वर्षे जास्तीची धरावीत. अशा रीतीने १९१३ ते १९२२ एवढाच पट्टा राहिला.

वाई तालुक्यातील आमच्या गावाच्या त्या काळातील मृत्यूच्या नोंदवहीत ती नव्हती. जन्ममृत्यूच्या या वह्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, महसुली भाषेत त्या गाव नमुना चौदा म्हणून ओळखल्या जातात, आणि जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात रुमालांत बांधलेल्या असतात. "नोंद आढळून येत नाही" असे लेखी उत्तर हाती आल्यावर मी शोध संपला असे धरून चालले होते. आपण ते उत्तर वाचून विचारलेत, "कोणत्या गावाची वही पाहिली?" मृत्यूची नोंद माणूस जिथला असतो तिथे होत नाही, जिथे मृत्यू घडतो तिथे होते, १९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातही हेच तत्त्व आहे. मुंबईत गिरणीत काम करताना वारलेल्याची नोंद गावच्या वहीत शोधून उपयोग नाही. आणि तरुण सासुरवाशीण वारली असेल तर बाळंतपणासाठी ती माहेरी गेली होती का, हा प्रश्न आधी विचारावा, हे आपले वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

माहेर कळण्याचा मार्गही आपणच दाखवलात. आजोबांच्या लग्नाची पत्रिका घरातील जुन्या ट्रंकेत होती आणि तिच्यावर निमंत्रकांच्या नावांत मामांचे नाव गावासह छापलेले होते. ते गाव कोरेगाव तालुक्यातील निघाले.

तेथील १९१८ सालची वही आपण उघडलीत, तेव्हा मी शेजारी बसले होते. आधीच्या महिन्यांत एका पानावर कित्येक आठवड्यांच्या नोंदी मावलेल्या होत्या. ऑक्टोबर लागल्यावर मात्र एकाच दिवसाच्या नोंदी खालोखाल येऊ लागल्या आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ "ताप" हा एकच शब्द होता. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, मुंबई इलाख्याला तिचा फार मोठा फटका बसला, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक संख्येने गेल्या, हे मी वाचलेले होते. गरोदर स्त्रियांना तर ती साथ विशेष घातक ठरली. पण एका लहान गावाच्या वहीतील ती पाने पाहीपर्यंत मला त्या आकड्याचा अर्थ खरोखर कळलेला नव्हता.

त्या पानांत आपण तिला शोधलेत. मी एकटी असते तर ती ओळ माझ्या नजरेतून निसटली असती, कारण तिथे सासरचे नाव नव्हतेच. खबर देणारा तिचा बाप होता आणि त्याने लेकीचे माहेरचे नाव सांगितले होते. पुढे "कोम", म्हणजे अमक्याची पत्नी, असे लिहून पणजोबांचे नाव आणि आमचे गाव होते, वय बावीस होते, कारण ताप होते. मोडीत शब्द एकमेकांना चिकटून येतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, आणि त्या कारकुनाचा हात तर घाईचा होता. तरीही आपण प्रत्येक अक्षर त्याच हाताच्या दुसऱ्या नोंदींतील अक्षरांशी ताडून पाहिलेत आणि खात्री पटल्याखेरीज एकही शब्द कागदावर उतरवला नाहीत. तारीख ऑक्टोबरच्या अखेरची निघाली. शके १८४०चा आश्विन वद्य पक्ष तो, दिवाळी तोंडावर आलेली.

तिच्या खाली दोन ओळी सोडून त्याच घरातील एका नाव नसलेल्या तान्ह्या मुलीची नोंद आहे. ती तिचीच मुलगी असणार, असे मी म्हणाले. आपण मला थांबवलेत. "घर एकच आहे, एवढे लिहिलेले आहे. आई कोण ते लिहिलेले नाही. लिप्यंतरात आपण ते घालायचे नाही." आपली ही शिस्त मला त्या क्षणी कठोर वाटली होती. आता ती मला या साऱ्या शोधातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण तिच्यामुळेच पणजीच्या नोंदीवर मी पूर्ण विश्वास ठेवू शकते.

वर्तमानपत्रांतील निधनवार्तांविषयी आपण जे सांगितलेत तेही येथे लिहिणे आवश्यक आहे, कारण अलीकडच्या पिढ्यांसाठी त्यांचा उपयोग मोठा आहे. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित कन्या, सुना व नातवंडे असा परिवार आहे", एवढ्यावर बातमी संपते आणि कन्या केवळ मोजल्या जातात. वर्षभराने छापल्या जाणाऱ्या प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत मात्र "शोकाकुल" या शब्दाखाली लेकी, जावई, नातवंडे नावांनिशी येतात. म्हणून निधनाची तारीख कळली की बरोबर एक वर्षानंतरचा अंक काढून पाहावा, ही आपली सूचना मी अनेकांना दिली आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचनालयात बांधून ठेवलेल्या जुन्या फाइलींत तिचा लाभ झाल्याचे त्यांपैकी काहींनी कळवले आहे.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने ही दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, त्यांतील अनेक पाने स्कॅन झाली आणि मोडी वाचणाऱ्यांकडे लोकांची रीघ लागली. त्या गर्दीतही आपण माझ्यासारख्या बाईला वेळ दिलात, जिला कोणताही दाखला नको होता, केवळ एका स्त्रीचे वर्ष हवे होते. दाखल्यासाठी आलेल्यांच्या वह्या वाचतानाही आपण बायकांच्या आणि मुलांच्या नोंदी वेगळ्या कागदावर टिपून त्या त्या घरी पाठवता, हे मला नंतर इतरांकडून समजले. वंशावळीने ज्यांना वगळले त्यांना कोतवालाच्या वहीने जागा दिली होती. ती जागा वाचून दाखवणारे आपल्यासारखे फार थोडे आहेत, आणि आपले हे ऋण फेडणे माझ्या सामर्थ्याबाहेरचे आहे.

आमच्या वंशावळीची नवी प्रत आता तयार होत असून तीत पणजीची दोन्ही नावे, माहेर आणि मृत्यूची तारीख आहे. नोंदीची नक्कल व आपले लिप्यंतर मी कोरेगावकडील तिच्या माहेरच्या घरीही नेऊन दिले. त्या मंडळींना त्यांच्या दोन आत्यांच्या नोंदी शोधायच्या आहेत, आणि आपली परवानगी असेल तर मी त्यांना आपल्याकडे घेऊन येईन. त्यांच्या घरातील जुनी पत्रे आणि लग्नपत्रिका बरोबर आणण्यास मी त्यांना सांगून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
वाई तालुक्यातील एक पणती