बाळाचं बोंडलं उकळायला जागा हवी

सातपुड्याच्या पाड्यांवरून कमी वजनाची बाळं जिल्ह्याच्या नवजात कक्षात येतात. अंगावर ओढायची ताकद नसलेल्या बाळाला आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. ती भांडी नुसती गरम पाण्याने विसळणं मुळीच पुरेसं नाही. आधी साबणाने घासून चोचीतला, कडांचा दुधाचा साका काढायचा. मग भांडं पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात, उकळी फुटल्यापासून किमान १० मिनिटं उकळायचं. क्लोरीनचं द्रावण वापरलं तरी घासणं आधीच, कारण दुधाचा अंश उरला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. पुसायला पदर तर नकोच; हवेत निथळू द्यावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

आयांना हे सांगून भागणार नाही. बाळंतिणीने रात्री दोनला शेगडी कुठून आणायची? खान्देशातल्या प्रत्येक नवजात कक्षालगत वेगळं सिंक, विजेची शेगडी आणि झाकणाचे डबे द्यावेत. सूचना अहिराणी, पावरी, भिलीत चित्रांसह लावाव्यात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा नियोजन समित्यांनी यासाठी निधी द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शहादा