‘पत्नी’ आणि ‘याही’

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

मानवी हक्क दिनानिमित्त आपण १० डिसेंबरच्या अंकात छापलेला लेख दोनदा वाचला. जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांच्यावर चांगले तीन परिच्छेद आहेत, ते हवेतच. पण शेवटी शेवटी ‘गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता यांच्या पत्नी हंसाबेन याही आयोगावर होत्या’ असे एका ओळीत उरकले आहे. मुंबईच्या दैनिकाने हे लिहिले असते तर मी पान उलटले असते. बडोद्यात बसून बडोद्याच्या मराठी वाचकासाठी लिहिताना ही ओळ चालायला नको होती. त्यातला ‘याही’ तर फारच झोंबला.

साधा सालांचा हिशोब मांडते. जीवराजभाई मुख्यमंत्री झाले १ मे १९६० रोजी. मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला १९४८ साली. म्हणजे हंसाबेन न्यूयॉर्क आणि जिनिव्हाच्या बैठकांत मसुद्यावर वाद घालत होत्या तेव्हा गुजरात राज्यच नव्हते, मग त्याचा मुख्यमंत्री कुठला? नवऱ्याचे बारा वर्षांनंतरचे पद बायकोला मागल्या तारखेने चिकटवायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. गेल्या महिला दिनी शहरातल्या एका संस्थेने भरवलेल्या प्रदर्शनातही फोटोखाली हेच होते. तिथल्या मुलीला सांगितले तर म्हणाली, ‘काकू, जागा कमी होती.’

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी लोखंडी कपाटात, लग्नाच्या शालूखाली, आईची १९५५ सालची बी. ए.ची पदवी ठेवलेली आहे. कागद घड्यांवर विरला आहे, शाई तपकिरी झाली आहे. खाली कुलगुरू म्हणून सही हंसा मेहता यांची. आई पाहुण्यांना ती पदवी काढून दाखवायची आणि विषय किंवा वर्ग काहीच सांगायची नाही. एवढेच म्हणायची, ‘बाईची सही आहे.’ महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि १९५८ पर्यंत हंसाबेन त्याच्या कुलगुरू होत्या. मुले-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसलेल्या त्या देशातल्या पहिल्या बाई. आता रिक्षावाल्याला ‘हंसा मेहता’ म्हटले की तो प्रतापगंजात लायब्ररीच्या फाटकाशी आणून सोडतो. परीक्षेच्या दिवसांत तिथे जागा धरायला सकाळपासून रांग असते. त्या रांगेतल्या किती जणांना ही बाई कोण होती हे सांगता येईल, कोण जाणे. शंभर पोरांना विचारायला उभे राहण्याइतके पाय आता धड नाहीत.

त्यांचे वडील मनुभाई मेहता बडोदे संस्थानचे दिवाण. हंसाबेन शिकल्याही बडोदा कॉलेजात. हे संस्थान असे की बालविवाहाला आळा घालणारा कायदा इथे १९०४ मध्ये झाला, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग १९३१ मध्ये मिळाला. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ मध्ये पुण्यात पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षा आपल्या महाराणी चिमणाबाई. पुढे १९४५ मध्ये त्याच परिषदेच्या अध्यक्षपदी हंसाबेन आल्या आणि हैदराबादच्या अधिवेशनात त्यांनी स्त्रियांच्या हक्कांची सनद मांडली. न्यूयॉर्कला जाण्याआधी त्या एक सनद लिहून बसल्या होत्या, हे ध्यानात घ्या. त्याही आधी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात निवडून येऊन १९३७ ते १९३९ या काळात शिक्षण खात्याच्या संसदीय सचिव. त्याच्याही आधी सविनय कायदेभंगात तुरुंग. दिवाणाच्या परदेशी गेलेल्या लाडक्या लेकीला कोणी हौसेने आयोगावर नेमले, असे हे प्रकरण नाही. कायद्याच्या एका शब्दाने घरातल्या बाईचे काय होते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते.

घटना समितीतले उदाहरण घ्या. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत धर्मस्वातंत्र्याचे कलम आले तेव्हा राजकुमारी अमृत कौर आणि हंसाबेन यांनी हरकत घेतली. धर्माच्या ‘आचरणा’ला मोकळीक दिली की पडदा, बालविवाह, देवदासी हे सगळे त्याच आडोशाला जाऊन बसेल आणि सुधारणेचे कायदे अडतील, ही त्यांची धास्ती. आज राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात सामाजिक सुधारणेच्या कायद्यांना जी वाट ठेवलेली आहे, तिच्यामागे हा वाद आहे. आपल्याकडे १९०४ च्या कायद्यावर लोक काय काय बोलले असतील ते दिवाणाच्या घरी कानावर आल्याशिवाय राहिले असेल का? समान नागरी कायद्याबद्दलही त्यांनी मिनू मसानी आणि अमृत कौर यांच्यासह भिन्नमत नोंदवले होते, पण त्यावर लिहायला बसले तर आपल्याला पुरवणी काढावी लागेल.

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीच्याच सभागृहात भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या हंसाबेनच. तो फोटो लोकांना थोडाफार ठाऊक असतो. समितीतले काम ठाऊक नसते, कारण त्याचा फोटो निघत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात अठरा देशांचे प्रतिनिधी, त्यांत बायका दोन. अध्यक्षा रूझवेल्ट आणि भारताच्या हंसाबेन. पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ जन्मतः स्वतंत्र आणि समान असे शब्द होते. ‘मेन’मध्ये बायका आल्याच, इंग्रजीची रीतच तशी, असे रूझवेल्टबाईंचे म्हणणे. हंसाबेन म्हणाल्या, कित्येक देशांत तो शब्द शब्दशः घेतला जाईल आणि बायका बाहेर राहतील. अखेर ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झाले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ देशांनी बाजूने मत दिले, आठ तटस्थ राहिले, विरोधात एकही नाही. ज्यांच्यावर आपण तीन परिच्छेद लिहिले त्या बाईंचे मत या एका शब्दापुरते मागे पडले आणि ज्यांना ‘याही’ मिळाले त्यांचे टिकले.

गंमत अशी की त्याच कलमाच्या शेवटी सर्वांनी एकमेकांशी ‘बंधुत्वाच्या’ भावनेने वागावे असे आहे. मराठी अनुवादात ‘बंधुत्व’, इंग्रजीत ‘ब्रदरहुड’. जाहीरनाम्याच्या पंचविसाव्या कलमात तर माणसाचे ‘स्वतःचे आणि त्याच्या कुटुंबाचे’ आरोग्य, म्हणजे कर्ता पुन्हा पुरुषच. दार उघडले, उंबरा राहिला. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे अशा जागी बोट थांबतेच.

एका शब्दावरच थांबणारीही ही बाई नव्हे. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत या हक्कांची अंमलबजावणी कशी करायची यासाठी नेमलेल्या कार्यगटाच्या त्या अध्यक्षा होत्या. नुसते सुंदर वाक्य लिहून काय उपयोग, ते मोडणाऱ्याला जाब कोण विचारणार, हा भारताचा आग्रह. तो जाहीरनाम्यात आला नाही. पुढे युनेस्कोच्या कार्यकारी मंडळावरही त्या होत्या.

सगळेच मला पटते असे समजू नका. राखीव जागेवरून लढायला त्यांनी १९३७ मध्ये नकार दिला आणि सर्वसाधारण जागेवरून निवडून आल्या. घटना समितीतही १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी ठणकावून सांगितले की स्त्रियांनी राखीव जागा वा स्वतंत्र मतदारसंघ कधी मागितले नाहीत, मागितला तो न्याय. ऐकायला ताठ आहे. पण दिवाणाच्या मुलीला जे साधले ते आपल्या शहरातल्या शियापुरा किंवा तांदळजा वस्तीतल्या साध्या बाईला साधेलच असे नाही. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. हा आकडा हंसाबेनना दाखवला असता तर त्यांनी मत बदलले असते का, हे विचारायला मला आवडले असते.

डॉ. आंबेडकरही याच बडोद्यातून शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, इथे नोकरीला परतले आणि अपमान सोसून निघून गेले. तो अपमान पुसणे शक्य नाही म्हणून तरी आपण संकल्पभूमी, म्हणजे त्या अपमानानंतर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला ती जागा, जपतो. पुढे हे दोघे एकाच घटना समितीत बसले. या शहराशी नाते असलेली दोन माणसे एका सभागृहात राज्यघटना घडवत होती, यावर आपल्या पुरवणीत कोणी लिहील का?

शुद्धिपत्र छापणार असाल तर कृपया पान आठच्या कोपऱ्यात नको. आणि मजकुरात ‘घटना समितीच्या सदस्या व बडोदे विद्यापीठाच्या माजी कुलगुरू हंसा मेहता’ असे असावे. जागा उरली तर जीवराजभाईंचा उल्लेख ‘हंसाबेन यांचे पती’ असा करायला माझी हरकत नाही. आईच्या पदवीवरच्या सहीचा फोटो हवा असल्यास भाचा मोबाइलवर काढून पाठवील.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे