खेळाचा तास गणिताला देण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या नातवाच्या शाळेने यंदा आठवड्यातला खेळाचा एक तास गणिताला दिला. ‘नुसता दंगा घालतात, त्यापेक्षा चार गणितं सोडवतील,’ असं पालकसभेत एकजण म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, मला गप्प राहवत नाही.

दंगा उंदरांची पिल्लंही घालतात. एक पिल्लू दुसऱ्याच्या मानेला नाक लावायला झेपावतं, दुसरं उताणं होऊन पायांनी त्याला ढकलतं, मग पाळी बदलते. खऱ्या भांडणात उंदीर कमरेच्या मागच्या भागाला चावतो. खेळात मानेला नुसतं नाक. त्या वेळी पिल्लं ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. आपला कान २०च्या पुढे ऐकत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ताच नव्हता. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने पिल्लांना गुदगुल्या केल्या, तेव्हाही तोच आवाज आला.

मेंदूचं वरचं आवरण, म्हणजे मेंदूचाच बाहेरचा थर, जन्मताच काढलेले उंदीरही खेळतात. म्हणजे ही ओढ मेंदूच्या तळाच्या, उत्क्रांतीत फार जुन्या भागातून येते. पण समोर कोण आहे हे ओळखून डाव बदलणं अशा उंदरांना नीट जमत नाही. त्यासाठी आवरण लागतं, आणि ते घडण्यात खेळाचाही वाटा असतो! कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ पेलिस आणि सहकाऱ्यांनी काही पिल्लं बरोबरीच्या सवंगड्यांत वाढवली, काही फारशा न खेळणाऱ्या प्रौढ मादीसोबत. सवंगड्यांत वाढलेल्यांच्या याच आवरणाच्या पुढच्या भागात पेशींच्या फांद्यांची जास्त छाटणी झालेली आढळली. वाढत्या मेंदूला अशी छाटणी हवीच असते. स्वतःला आवरणं, वागणं प्रसंगाप्रमाणे बदलणं हे याच भागाचं काम.

उंदरांचं सगळं मुलांना जसंच्या तसं लागू होत नाही, हे मी जाणते. पण आमच्या वाहनतळावरची कुत्र्याची पिल्लं रोज बघते. थोराड पिल्लू पुढचे पाय टेकून, शेपूट हलवत धाकट्याला बोलावतं आणि आपण होऊन खाली पडतं. जोरात चावलं की धाकटं केकाटून बाजूला होतं. मग थोराड क्षणभर थबकतं आणि पुन्हा पाय टेकतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, वार्षिक परीक्षेआधी तो तास मुलांना परत द्या. मैदानावर लक्ष ठेवायला माणूस कमी पडत असेल, तर मी यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा