सफारीची लेन्स आधी केळीच्या बागेत तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात बंद असलेले ताडोब्याचे कोअर क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडते आणि पाठोपाठ दिवाळी येते, त्यामुळे या दिवसांत आपल्या खान्देशातून सफारीला निघणाऱ्या मंडळींची कॅमेऱ्याची खरेदी जोरात असते. या सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये लेन्सच्या याद्याही छापून येतात. त्या याद्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र त्यांत मिलिमीटरचा आकडा (म्हणजे लेन्सची फोकल लांबी; ती जितकी जास्त, तितके दूरचे मोठे दिसते) जितका ठळक असतो, तितकी लेन्स तपासून घेण्याची गोष्ट कुठेच नसते, आणि माझे नुकसान नेमके तिथेच झाले.

मी फैजपूरकडचा केळी उत्पादक. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून १५०-६०० मिमीची वापरलेली लेन्स घेतली. दुकानाच्या दारात उभे राहून समोरच्या पाटीचे दोन फोटो काढले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते झकास दिसले आणि मी पैसे मोजले. पुढच्याच आठवड्यात ताडोब्याच्या चार सफाऱ्या होत्या. तिसऱ्या सफारीत वाघीण रस्त्यावर येऊन आमच्याकडे तोंड करून बसली. घरी येऊन संगणकावर फोटो उघडले, तर तिचे डोळे धूसर आणि पंजांपुढे पडलेल्या वाळक्या सागपानाच्या शिरा मात्र मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. लेन्समध्ये बुरशी नव्हती, काचेवर ओरखडा नव्हता. माझ्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) ती हातभर अलीकडे फोकस करत होती, एवढेच. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आणि चित्र टिपणारा सेन्सर वेगवेगळे असल्यामुळे असा फरक पडू शकतो, आणि बऱ्याच बॉडींमध्ये (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यांत) तो मेन्यूतून दुरुस्तही करता येतो. ते काम मला घरच्या ओट्यावर बसून करता आले असते. (मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच फोकस मोजतो, त्यामुळे ही कटकट तिथे जवळजवळ उरत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मिररलेस घ्यावा, याचे माझ्या लेखी हे मोठे कारण आहे. जाहिरातीतले मेगापिक्सेल नव्हेत.)

आता मी कोणतीही लेन्स घरी आली की पाच काडेपेट्या ओट्यावर तिरक्या रांगेत, एकीपेक्षा दुसरी चार बोटे मागे अशा मांडतो, मधल्या पेटीवर फोकस करतो आणि फोटो मोठा करून कोणत्या पेटीवरचे चित्र सर्वांत रेखीव आले ते बघतो. त्यानंतर आपल्याच दैनिकाचे एक पान भिंतीला सपाट चिकटवून दहा-बारा मीटरवरून टिपतो. मधल्या स्तंभातली अक्षरे आणि चारही कोपऱ्यांतल्या जाहिरातींची बारीक अक्षरे सारखी वाचता आली पाहिजेत, आणि एकच कोपरा पुसट येत असेल तर आतली एखादी काच सरकलेली असण्याची शक्यता धरावी. वापरलेल्या लेन्सवर मागच्या बाजूने बॅटरीचा झोत टाकून बुरशीचे जाळे दिसते का, हेही बघावे.

खरी परीक्षा मात्र उजेडाची असते. जंगलात प्राणी हालचाल करतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि तेव्हा झाडीखाली किती अंधार असतो याची कल्पना दुकानाच्या दिव्यांखाली येत नाही. आमच्याकडे त्यासाठी केळीची बाग आहे. सकाळी साडेसहाला बागेत दोन ओळींच्या मध्ये उभे राहावे, शटर १/५०० सेकंदावर ठेवावे आणि पाचव्या-सहाव्या खोडावरच्या घडाचा फोटो घ्यावा. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान. एफ/४ वर जेवढा प्रकाश येतो त्याच्या सुमारे ४० टक्केच एफ/६.३ वर येतो, हे गणित पुस्तकात वाचून पटत नाही. आयएसओचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा डोळ्यांदेखत ६४०० च्या पलीकडे जातो आणि घडाच्या हिरव्या सालीवर रवाळ ठिपके उमटतात, तेव्हा पटते. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी जोडलेन्स) लावून लांबी वाढवावी असे ज्यांना वाटते, त्यांनी तो लावून याच जागी पुन्हा फोटो काढावा. त्याने प्रकाश आणखी निम्म्यावर येतो.

लांबीचा मोह सर्वांनाच असतो, मलाही होता. पण क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० मिमी लावले तर १५ मीटरवर चौकटीत जेमतेम ६० सेंटिमीटर रुंदी मावते, म्हणजे आडवा चालणारा वाघ अर्धासुद्धा येत नाही. ताडोब्यात वाघ पुष्कळदा रस्त्यावरच, याहूनही जवळून दिसतो. तिथे १००-४०० मिमीची हलकी लेन्स बहुतेकांना पुरते असा माझा अनुभव आहे. तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या चक्रवाकांसाठी मात्र ६०० सुद्धा तोकडे पडते. म्हणून आपण वाघासाठी चाललो आहोत की पक्ष्यांसाठी, हे घरून निघण्याआधी ठरवलेले बरे.

वजनाकडेही कोणी लक्ष देत नाही. १५०-६०० मिमीच्या बहुतेक लेन्स दोन किलोंच्या आसपास असतात, काही जवळजवळ तीन किलोंच्या. त्यावर बॉडीचे वजन वेगळे. सहा पर्यटक बसलेल्या जिप्सीत ट्रायपॉडचे पाय पसरायला जागा नसते. मी जुन्या जीनच्या पायाचा हातभर तुकडा दोन्ही बाजूंनी शिवून त्याची थैली केली आहे. प्रवासात ती रिकामी नेतो, मुक्कामी पोचल्यावर दोन किलो हरभरा विकत घेऊन भरतो आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतो. फोटो घेताना चालकाला इंजिन बंद करायला सांगायचे, नाहीतर त्याची थरथर थैलीतूनही लेन्सपर्यंत येते. (धुळीत लोळून आलेला तो हरभरा आमच्या घरी पुन्हा डब्यात घेतला जात नाही, तो गाईंच्या वाट्याला जातो.)

एक सावधगिरी चाचणीबाबतही बाळगावी. आमच्या शेजाऱ्यांनी भर एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता गच्चीवरून दीडशे मीटरवरचा विजेचा खांब टिपला, तो लाटांसारखा वाकडा आला आणि त्यांनी चांगली लेन्स सदोष समजून परत पाठवली. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात जमिनीलगतची तापलेली हवाच इतकी हलते, की कितीही महाग लेन्स लांबचा विषय रेखीव देऊ शकत नाही. चाचणी सकाळी घ्यावी, आणि उन्हाळी सफारीतही नऊनंतर लांबच्या प्राण्यापेक्षा जवळच्या पाणवठ्यावर भिस्त ठेवावी.

दिवाळीत लाख-दीड लाख रुपये मोजण्याआधी तशीच लेन्स दोन दिवस भाड्याने किंवा मित्राकडून आणावी, एक सकाळ बागेत आणि एक हतनूरला घालवावी, आणि जमल्यास सातपुड्यातल्या पालच्या रस्त्यावर उघड्या गाडीतून तीन तास ती हातात धरून बघावी. १९६९ मध्ये जाहीर झालेले यावल अभयारण्य तिथे लागूनच आहे. वाघ दिसेल असे नाही, पण खांदे काय म्हणतात ते कळेल. विक्रेत्यांनाही माझी विनंती आहे, की वापरलेली लेन्स विकताना ग्राहकाला तपासणीसाठी निदान आठवड्याची मुदत लेखी द्यावी.

आपण पुरवणीत यापुढे लेन्सची माहिती छापाल, तेव्हा लांबीच्या आकड्याशेजारी तिचे वजन आणि सर्वांत लांब टोकाला मिळणारे मोठ्यात मोठे ॲपर्चर हे दोन आकडेही तितक्याच ठळक अक्षरांत द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव