पिंपातला भाऊ

रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. आधी शिव्या घालून घे, मग वाच. तब्येत बरी, शुगर आहे तशीच.

काल ट्यूक्सबरीला गेलो होतो. तिथल्या जुन्या ॲबीत (मठाचं चर्च) वेदीमागे जमिनीत लोखंडी जाळी आहे. खाली तळघर, त्यात क्लॅरेन्सचा ड्यूक जॉर्ज आणि त्याची बायको इझाबेल. काचेच्या पेटीत हाडं आहेत, पण ती त्यांची नसावीत म्हणतात. गडी गेला तेव्हा जेमतेम २८ वर्षांचा होता, आणि हाडं जास्त वयाची!

हयात तिघांतला मधला. हसू नकोस. थोरला एडवर्ड इंग्लंडचा राजा, धाकटा रिचर्ड. १४६९ मध्ये यानं थोरल्याला न जुमानता कॅलेला जाऊन वॉरिक या बड्या सरदाराच्या पोरीशी, याच इझाबेलशी, लग्न लावलं आणि सासऱ्याच्या नादानं भावावरच उठला. पुढच्या वर्षी एडवर्डला देश सोडून पळावं लागलं. १४७१ मध्ये हा पुन्हा पलटला, आणि एडवर्डनं त्याला जवळ घेतलं! मग इझाबेल वारली, तर यानं तिच्या एका जुन्या दासीवर विषप्रयोगाचा आळ घेतला आणि एका दिवसात खटला उरकून तिला फासावर दिलं. शेवटी १४७८ मध्ये राजद्रोह, आणि लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यात, गुपचूप मारला. माल्मसी नावाच्या गोड दारूच्या पिंपात बुडवून म्हणतात. गोड दारूत बुडवल्याचं १४८३ मध्येच एका इटालियन पाहुण्यानं लिहून ठेवलंय.

आता तू पुरावा मागणार. आठवीत ‘ध चा मा’वरून माझी कंपासपेटी फोडलीस, ती अजून भरून दिलेली नाहीस.

पिंपाचं सोड. क्रोलंडचा बखरकार लिहितो, संसदेत ड्यूकविरुद्ध राजाशिवाय कुणी बोललं नाही, आणि राजाला ड्यूकशिवाय कुणी उत्तर दिलं नाही. ते आठवलं आणि मी जाळीपाशीच बसलो.

फेरफाराच्या सुनावणीला तू दारात उभा होतास ना? हरकत माझी. बोलत होता दादा, उत्तर देत होतो मी. मामा, चुलते, सगळे भिंतीला टेकून. ‘अरे, सख्खे भाऊ तुम्ही’ एवढंही कुणाच्या तोंडून निघालं नाही. (तूही गप्पच होतास, पण ते भांडण नंतर.) बोलता बोलता दादानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. दोनदा. काकांच्या कागदावर मी सही केली होती, तेव्हा त्यानं एक शब्द विचारला नव्हता. ‘जेवून जा’ म्हणाला, बस्स.

शिक्षा ठरल्यावरही एडवर्डनं दहा-एक दिवस हात आवरला होता. पुढे कुणाची रदबदली करायला कुणी आलं की तो हळहळायचा म्हणे, माझ्या भावासाठी मात्र कुणी शब्द टाकला नाही.

हरकत मागे घ्यायचा अर्ज सोबत ठेवलाय. टपालानं थेट गेला, तर दादा न उघडता कपाटावर टाकेल. तू घेऊन जा. तुझं तो ऐकतो, का ते देव जाणे. पण चहा होईपर्यंत खिशातून काढू नकोस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीला किती टक्के पडले? आणि नवी गाडी पोपटी रंगाची घेतलीस म्हणे, कुणी घ्यायला लावली?

तुझा,
मध्या