३५ डिग्रीचा लॅपटॉप अन् ४५ डिग्रीचं अकोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लॅपटॉप तापत असेल तर काय करावं यावर जे छापून आलं ते वाचलं. त्यात सरळ सांगून टाकलंय की चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप तापायला लागला की त्याच्यावर पैसे घालू नका, नवा घ्या. एसी ऑफिसात बसून लिहिलेलं असावं, हरकत नाही, पण आमच्या वऱ्हाडात हा सल्ला पाळायचा म्हटलं तर दर चार-पाच उन्हाळ्यांनी नवा लॅपटॉप घ्यावा लागेल अन् तोही तापेलच.

लॅपटॉपच्या डब्यात जे बारीक अक्षरांचं पुस्तक येतं (जे आपण कोणी उघडत नाही) त्यात तो किती तापमानाच्या खोलीत चालवायचा ते दिलेलं असतं, आणि बहुतेक कंपन्यांचा आकडा ३५ डिग्रीपर्यंतच असतो. आता अकोल्यात मे महिन्यात दुपारी बाहेर ४४-४५ म्हणजे कोणाला बातमीसुद्धा वाटत नाही, अन् वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत रात्री अकरा वाजतासुद्धा काटा ३५ च्या खाली यायला तयार नसतो. लॅपटॉपचा पंखा काही गार हवा तयार करत नाही, तो खोलीतलीच हवा आत ओढतो, प्रोसेसरची (म्हणजे सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपची) उष्णता तिच्यात सोडतो आणि बाहेर फेकतो. म्हणजे खोली पंधरा डिग्रीने तापली की आतला आकडाही साधारण तेवढाच वर सरकणार. जानेवारीत ७५ वर निवांत चालणारा लॅपटॉप मे मध्ये ९० ला टेकला तर यात त्याचं वय कुठं आलं?

त्यात आमच्याकडे कूलर. एसी सगळ्यांना परवडत नाही, लाइट बिल पाहिलं की ज्यांच्याकडे आहे तेही बंद ठेवतात, मग दिवसभर कूलर. त्याची हवा गार असते पण ओलसर, आणि बाहेरची सगळी धूळ घेऊन येते. कोरडी धूळ पंख्यातून निदान थोडीफार निघून तरी जाते, ओलाव्याने ती चिकटते. वर कापसाचा पट्टा, जिनिंगच्या सीझनमध्ये रुईचे बारीक तंतू हवेत असतात, ते त्या धुळीला धरून ठेवतात. पुरवणीतल्या लेखात यातलं एक अक्षर नाही.

आता माझ्या पुतणीचंच सांगतो. ती इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉप पाच वर्षांचा, प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर उघडलं की पंखा किंचाळायचा, मग सगळं सावकाश व्हायचं, मग एकदम बंद. एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेला (नाव घेत नाही), तिथं काउंटरवरच्या मुलाने झाकणाचा एक स्क्रूही न काढता सांगितलं की मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, अठरा हजार प्लस जीएसटी, त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवा घेऊन टाका, ऑफर चालू आहे. घरात सगळे नव्याचे हप्ते मोजायला बसले. मी म्हटलं थांबा, बोर्ड गेला असता तर तो सकाळच्या थंड वेळेत तास-दीड तास बिनतक्रार चालला असता का?

मग गांधी रोडच्या बाजूला एका छोट्या दुकानात नेला, तिथला भाऊ वीस-एक वर्षं हेच काम करतो. त्याने आधी काहीच उघडलं नाही, लॅपटॉप चालू करून जिथून गरम हवा निघते त्या फटीपुढे हात धरला, दोन मिनिटं तसाच, आणि म्हणाला, "भाऊ, हवाच येऊन नाई रायली. याले काई झालं नाई, निस्ता कचरा भरला हाये." खालचं झाकण काढलं तर पंख्यावर साधी धूळ दिसत होती, मला वाटलं एवढीच? पण त्याने पंख्याचे दोन स्क्रू काढून पंखा बाजूला केला तेव्हा खरं काय ते दिसलं. तांब्याच्या नळीच्या टोकाला बारीक पत्र्यांची जी जाळी असते, तिच्या अन् पंख्याच्या मध्ये राखाडी थर जमला होता, चिमट्याने एका बाजूने ओढला तर अख्खी पट्टी एकसंध निघाली, जुन्या गादीतला नमदा निघावा तशी. पंखा फिरत होता, आवाज करत होता, पण हवा त्या पट्टीला धडकून आतच फिरत होती. अन् बाहेरून ब्लोअर मारला तर ती पट्टी निघत नाही, उलट घट्ट बसते, हे मला तिथंच कळलं. प्रोसेसरवरची उष्णता पुढे नेणारी पेस्टही वाळून तिचे पापुद्रे निघत होते. ती पुसून नवी लावली, साबुदाण्याच्या दाण्याएवढीच, जास्त लावून फायदा नसतो म्हणे. त्याने आधी आणि नंतर एकच सॉफ्टवेअर चालवून तापमानाचे आकडे दाखवले, आधी ९७, नंतर ७८. आठशे रुपये घेतले.

सगळ्यांचं असंच आठशेत भागतं असं म्हणायचं नाही मला. कधी पंखाच बदलावा लागतो, तो आमच्याकडे मॉडेलप्रमाणे हजार ते दोन-अडीच हजारात बसतो. सांगायचं एवढंच की तापणं हे लक्षण आहे, रोग वेगळा असतो, आणि रोग कुठला ते न पाहता दुरुस्ती की नवा हा प्रश्नच विचारता येत नाही. पुरवणीतल्या लेखात वय विचारलंय, किंमत विचारलीय, गरम कुठं होतो ते मात्र विचारलेलं नाही. बिजागरीजवळ, हवा निघते तिथं गरम होत असेल तर बहुधा हवेचा मार्ग तुंबलाय. चार्जिंगच्या पिनपाशी चटका बसत असेल तर जॅक ढिला झालाय किंवा चार्जिंगच्या सर्किटमध्ये काहीतरी आहे. आणि हात टेकतो त्या भागाखाली गरम होत असेल, टचपॅड वर आलाय, क्लिक नीट होत नाही, झाकण पूर्ण मिटत नाही, तर बॅटरी फुगलीय, तिथं मात्र उद्या बघू म्हणायचं नाही, चार्जर काढायचा, बंद करायचा आणि दुकान गाठायचं. त्या बॅटरीला घरी टोचायला जाऊ नका, पेट घेते. बॅटरी बदलणं ही पण दुरुस्तीच आहे बरं का, त्यासाठी लॅपटॉप फेकायची गरज नसते.

आणखी एक, तापलेला लॅपटॉप स्लो होतो तो म्हातारा झाला म्हणून नाही. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला मुद्दाम वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. लोकांना वाटतं रॅम कमी पडतेय, रॅम टाकतात, एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकतात, पैसे जातात आणि मे मध्ये पुन्हा तेच. एसएसडीने मशीन लवकर उघडतं हे खरं, पण तुंबलेली जाळी ती कशी साफ करणार. उन्हाळ्यापुरता एक फुकटचा उपाय आहे, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट म्हणून असतं ते १०० वरून ९९ टक्के केलं की बऱ्याच लॅपटॉपचा टर्बो (म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, काम किंचित सावकाश पण ताप चांगलाच उतरतो. टॅलीवाल्यांना, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांना फरक कळतही नाही. अन् गादीवर, उशीवर ठेवून वापरणं बंद करा, हवा आत घ्यायची जागा बहुतेक लॅपटॉपला खालीच असते, ती बुजते.

नवा घ्यायचाच नाही असा माझा हट्ट नाही. बोर्ड खरोखर गेला असेल, आणि दुरुस्तीवाल्याने तो उघडून, मीटर लावून, कुठला भाग गेला ते सांगितलं असेल, तर पाच-सहा वर्षांच्या मशीनवर अठरा हजार मीही घालणार नाही. आमच्याकडे लोक निम्म्या किमतीचा हिशोब करतात, दुरुस्ती निम्म्यापेक्षा जास्त झाली की नवा. पण निम्मी कशाची? आपण घेतला तेव्हाच्या ५५ हजारांची नाही, आज तसाच चालणारा सेकंडहँड जेवढ्यात मिळेल त्याची. या हिशोबाने बोर्ड बाद होतो आणि पंखा, पेस्ट, बॅटरी सगळं पास होतं.

नवा घ्यायचं दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठेवलीय, आणि इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा प्रोसेसर असेल तर एखाद-दुसरा अपवाद सोडला तर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. ज्याला बँकेची, जीएसटीची कामं करायची त्याने अशा मशीनवर मोठा खर्च करताना विचार करावा. पण त्याचा तापण्याशी काही संबंध नाही, दुकानदार दोन्ही एकात मिसळून सांगतात तिथं लक्ष ठेवा. अशा मशीनवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून ते मुलांना अभ्यासाला छान चालतं, आठशेची सफाई तिथंही वाया जात नाही.

आता थोडं सरकारबद्दल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी (म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या ग्राहकाच्या हक्कासाठी) समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल काढलं, २०२५ च्या मे मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना दुरुस्ती किती सोपी याचे गुण देण्याबद्दलचा अहवालही आला. फ्रान्समध्ये २०२१ पासून दुकानातल्या लॅपटॉपवर असे गुण छापलेले असतात, घेणाऱ्याला घेतानाच कळतं की हा उघडायला सोपा की अवघड, सुटे भाग मिळतात की नाही. आपल्याकडे हे व्हायचं तेव्हा होवो, पण एक गोष्ट आजही करता येईल: सर्व्हिस सेंटरने बिघाडाचं निदान लेखी द्यावं. उघडून पाहिलं का, तापमान किती आलं, कुठला भाग गेला, तोच सुटा मिळतो का, केवढ्याला. एका कागदाचं काम आहे. बोर्ड गेला असं तोंडी सांगणारा माणूस कागदावर लिहायला सांगितलं की कसा चुळबुळतो ते बघण्यासारखं असतं. आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या. देत नसतील, लिहून देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

तुमच्याकडे मागणं एवढंच की पुढच्या वेळी या विषयावर लिहायला एखादा दुरुस्तीवाला धरा, विकणारा नको. अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूरच्या दोन-चार दुकानांत जाऊन सफाई केवढ्यात, पंखा केवढ्यात, बॅटरी केवढ्यात, असे दर छापा, लोकांना त्याचा जास्त उपयोग होईल. अन् छापायचंच असेल तर मार्चच्या आत छापा, एप्रिल लागला की त्या दुकानांत आठ-आठ दिवस नंबर लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
अकोला